गाण्याच्या आड दडलेली खरखर: ध्वनीतील वॉटरमार्क कसा लपवतात

शुक्रवारी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची मोबाइलवर उतरवलेली चोरटी नक्कल शनिवारी फिरू लागते, तेव्हा निर्मात्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की ही नक्कल कोणत्या चित्रपटगृहात आणि कोणत्या खेळाला केली गेली. चित्र हललेले असते, त्याच्या कडा कापलेल्या असतात, पुष्कळदा चित्र एका ठिकाणचे आणि आवाज दुसऱ्याच ठिकाणचा असतो. तरीही नुसत्या आवाजावरून या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून स्थापन केलेल्या ‘डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्हज’ या संस्थेने २००५ साली जी तांत्रिक नियमावली प्रसिद्ध केली, तिच्यानुसार चित्रपट दाखवणाऱ्या यंत्रणेने चालू खेळाची ओळख चित्रात आणि आवाजात, दोन्हींत, मिसळायची असते. ही ओळख ३५ बिटांची असते (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक). त्यांपैकी १६ बिट वेळेसाठी असतात: लीप वर्षातील ३६६ दिवसांचे पाव तास मोजले तर ते ३५,१३६ भरतात आणि १६ बिटांत ६५,५३६ वेगळ्या संख्या मावतात, म्हणजे वर्षातील प्रत्येक पाव तासाला स्वतःचा क्रमांक मिळतो. उरलेले १९ बिट स्थळ आणि यंत्र ओळखण्यासाठी असतात आणि त्यांत सव्वापाच लाखांच्या आसपास क्रमांक बसतात. पाच मिनिटांच्या प्रत्येक तुकड्यात हे सर्व ३५ बिट असलेच पाहिजेत, अशी अट आहे.

मुंबईसारख्या चित्रपटांच्या शहरात या तपशिलाला फार महत्त्व आहे. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहात परवानगीवाचून चित्रण करणाऱ्याला किमान तीन महिने आणि कमाल तीन वर्षे तुरुंगवास होऊ शकतो, आणि दंड तीन लाख रुपयांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. अशा गुन्ह्याचा माग घ्यायचा तर आधी ठिकाण आणि वेळ कळली पाहिजे. तेव्हा आवाजातील ही खूण, म्हणजेच वॉटरमार्क, तपासाची सुरुवात ठरते. मात्र तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर ती खूण मूळ ध्वनीत बाहेरून मिसळलेली खरखरच असते, आणि ती मिसळूनही सभागृहातील शेकडो कानांपैकी एकालाही जाणवता कामा नये, तर मोबाइलच्या साध्या मायक्रोफोनमधून उतरलेल्या नकलेत मात्र ती टिकली पाहिजे. या दोन परस्परविरोधी अपेक्षा एकाच वेळी कशा पूर्ण होतात, हे समजून घ्यायचे तर आधी आपल्या कानाच्या रचनेकडे वळावे लागते, कारण लपण्याची जागा ध्वनीत नसून ऐकणाऱ्याच्या कानात आहे.

निरोगी तरुण कानाला सुमारे २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, परंतु या सर्व पल्ल्यात कान सारखा तीक्ष्ण नसतो. २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात तो सर्वांत जागरूक असतो आणि त्या पट्ट्यापासून खाली किंवा वर जाऊ तसतसा ध्वनी ऐकू येण्यासाठी अधिक मोठा असावा लागतो. पूर्ण शांततेत एखादा स्वर जेमतेम ऐकू येण्यासाठी लागणाऱ्या या किमान पातळीला श्रवणाचा उंबरठा म्हणतात. ही पातळी डेसिबलमध्ये मोजतात, आणि या मोजमापाची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे: दर १० डेसिबलला ध्वनीची शक्ती दहा पटींनी बदलते, त्यामुळे ३० डेसिबलने खालचा ध्वनी शक्तीने हजारपट क्षीण असतो. हा उंबरठा शांत खोलीपुरताच खरा असतो. दुसरा ध्वनी चालू असताना तो जागचा हलतो आणि वर चढतो. वॉटरमार्कचे सारे तंत्र या हलणाऱ्या उंबरठ्यावर उभे आहे.

एखाद्या लहान स्थानकाच्या फलाटावरून जलद लोकल थांबा न घेता धडधडत जाते, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. त्याच्या तोंडून निघणारा आवाज आपल्या कानापर्यंत पोहोचतच असतो, पण गाडीच्या आवाजाने त्या पट्ट्यातील उंबरठा इतका वर गेलेला असतो की बोलणे त्याच्याखाली दबून जाते. याच क्षणी कोणी शिट्टी फुंकली तर ती मात्र स्पष्ट ऐकू येते, कारण तिची शक्ती एका अरुंद उंच पट्ट्यात एकवटलेली असते आणि त्या पट्ट्यात गाडीचा आवाज तुलनेने कमी असतो. एका ध्वनीने दुसऱ्याला झाकून टाकण्याच्या या घटनेला मास्किंग म्हणतात, आणि शिट्टीच्या उदाहरणावरून हेही कळते की हे झाकणे सरसकट नसते. कोणता ध्वनी कोणाला झाकणार हे त्या दोहोंच्या वारंवारतांमधील अंतरावर फार अवलंबून असते.

याचे कारण आंतरकर्णात आहे. गोगलगाईच्या शंखासारख्या गुंडाळलेल्या कॉक्लिआमध्ये सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा बेसिलर पडदा असतो. ध्वनीची लाट त्याच्यावरून सरकत जाते आणि वारंवारतेनुसार ठरावीक जागी तिचा जोर सर्वाधिक होतो: उंच स्वर सुरुवातीच्या टोकाजवळ, तर खालचे स्वर आतल्या टोकाजवळ. या लाटेचा अभ्यास करणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जवळजवळच्या वारंवारता पडद्याच्या जवळजवळच्या जागा हलवतात, त्यामुळे जोरदार ध्वनीने हलवलेल्या जागी क्षीण ध्वनीची वेगळी हालचाल मेंदूला ओळखता येत नाही. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर यांनी १९४० च्या सुमारास दाखवून दिले, की झाकण्याच्या दृष्टीने कान जणू अनेक पट्ट्यांत विभागलेला आहे आणि एका पट्ट्यातील ध्वनी प्रामुख्याने त्याच पट्ट्यातील ध्वनीला झाकतात. पुढे जर्मनीत एबरहार्ड त्स्विकर यांनी १९६१ साली अशा २४ पट्ट्यांची मोजपट्टी मांडली आणि तिला बार्क हे नाव मिळाले. ५०० हर्ट्झच्या खाली हे पट्टे सुमारे १०० हर्ट्झ रुंद असतात. १,००० हर्ट्झच्या भोवतीचा पट्टा ९२० ते १,०८० हर्ट्झ असा १६० हर्ट्झचा आहे, आणि त्याच्याही वर पट्टे मधल्या वारंवारतेच्या साधारण एक पंचमांश इतके रुंद होत जातात.

शेजारच्या पट्ट्यांवरही झाकणाऱ्या ध्वनीची सावली पडते, पण ती दोन्ही बाजूंना सारखी नसते. खालच्या स्वरांकडे ती झपाट्याने, दर बार्कला (म्हणजे दर पट्ट्याला) सुमारे २५ डेसिबलने, ओसरते, तर वरच्या स्वरांकडे ती लांबवर पसरते आणि तिकडचा उतार दर बार्कला सुमारे १० डेसिबल इतका सौम्य धरला जातो. म्हणून खर्जातील जोरदार ध्वनी वरच्या ध्वनीला सहज झाकतो, उलट घडणे मात्र अवघड असते.

येथे एक गोष्ट अशी आहे जिच्याकडे मला वाचकाचे लक्ष विशेष वेधायचे आहे, कारण आपल्या संगीताच्या बाबतीत तीच सर्वांत निर्णायक ठरते. झाकणारा ध्वनी खरखरीच्या जातीचा आहे की शुद्ध स्वराच्या जातीचा, यावर त्याची झाकण्याची ताकद पार बदलते. एखाद्या पट्ट्यात खरखर चालू असेल आणि तिच्यात स्वर लपवायचा असेल, तर तो स्वर तिच्यापेक्षा चार-पाच डेसिबल खाली असला तरी पुरते. याउलट पट्ट्यात शुद्ध स्वर चालू असेल आणि त्याच्याआड खरखर लपवायची असेल, तर ती त्या स्वरापेक्षा सुमारे २४ डेसिबल खाली असावी लागते, म्हणजे शक्तीने जवळजवळ अडीचशेपट क्षीण. वॉटरमार्क हा बहुतेक वेळा खरखरीच्या जातीचा असल्यामुळे त्याला स्वरप्रधान संगीतात जागा फार थोडी मिळते. गणपतीच्या मिरवणुकीतील ताशा आणि झांजांच्या ध्वनिमुद्रणात खूण पुष्कळ जोराने मिसळली तरी कोणाला कळणार नाही. आलाप आणि तानपुरा यांच्या मुद्रणात तेच धाडस करता येत नाही.

हे थोडे जवळून पाहू. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, आणि त्याच्या आवाजातील उपस्वर २७७, ४१६, ५५४ असे समान अंतराने वर चढत जातात. त्स्विकर यांच्या पट्ट्यांवर ते मांडले तर १०० ते २०० च्या पट्ट्यात एक, २०० ते ३०० मध्ये एक आणि ४०० ते ५१० मध्ये एक उपस्वर सापडतो, पण ३०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात या स्वराचा एकही उपस्वर नाही. तेथे खालच्या २७७ हर्ट्झच्या उपस्वराची पसरलेली सावली असते तेवढीच. त्या मोकळ्या जागेत खूण थोडीशी जरी जास्त झाली, तरी तानपुऱ्याच्या जवारीला सरावलेला श्रोता काहीतरी खटकले म्हणून मान वर करील, मग त्याला नेमके काय खटकले ते सांगता आले नाही तरी. याउलट २,००० हर्ट्झच्या आसपास पट्टे ३०० हर्ट्झ किंवा अधिक रुंद झालेले असतात आणि एकेका पट्ट्यात दोन-दोन उपस्वर सामावतात, त्यामुळे तेथे आसरा जरा बरा मिळतो, परंतु नेमका तोच कानाच्या सर्वाधिक जागरूकतेचा प्रदेश असतो.

झाकणे काळाच्या अंगानेही घडते. जोरदार ध्वनी थांबल्यानंतरही कान लगेच सावरत नाही, आणि पुढील १०० ते २०० मिलिसेकंदांपर्यंत क्षीण ध्वनी काही प्रमाणात दबलेले राहतात. ध्वनी सुरू होण्याच्या आधीचेही काही क्षण झाकले जातात, पण ही मुदत अवघी काही मिलिसेकंदांची असते. तबल्याच्या मुद्रणात हा फरक महागात पडतो. वॉटरमार्क मिसळणारा प्रोग्रॅम ध्वनीचे छोटे तुकडे पाडून काम करतो, आणि १,०२४ नमुन्यांचा (नमुना म्हणजे ध्वनिलाटेच्या उंचीचे एका क्षणी घेतलेले मोजमाप) एक तुकडा सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने असताना, २३ मिलिसेकंदांचा होतो. अशा एका तुकड्याच्या शेवटी किनारीवर ‘ना’ पडला आणि त्याआधी शांतता असली, तर प्रोग्रॅमला संपूर्ण तुकडा जोरदार वाटतो आणि तो खूण पूर्ण तुकड्यावर सारखी पसरून टाकतो. मग ‘ना’च्या आधीच्या शांततेत पंधरा-वीस मिलिसेकंद खरखर उघडी पडते आणि आघाताची धार बोथट होते. चांगल्या प्रोग्रॅममध्ये असे आघात आधी ओळखून तेथे तुकडे बारीक करतात, किंवा आघातापूर्वी खूण दाबून ठेवतात.

या सर्व ज्ञानाचा पहिला मोठा उपयोग झाला तो खरे तर ध्वनीची साठवण लहान करण्यासाठी. १९७९ साली बेल प्रयोगशाळेतील मानफ्रेड श्रोडर, बिष्णू अटल आणि जोसेफ हॉल यांनी दाखवले, की बोलण्याचा ध्वनी कमी बिटांत साठवताना होणारी चूक मूळ बोलण्याच्या आड झाकता येते. अटल हे लखनौ विद्यापीठात आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. पुढे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमपेग-१ या चित्र आणि ध्वनी कमी जागेत साठवण्याच्या मानकात कानाच्या वर्तनाची दोन गणिती प्रारूपे दिली गेली, आणि एमपी३ त्याच मानकातून आले. असे प्रारूप ध्वनीचा तुकडा घेते, त्यातील वारंवारता वेगळ्या करते, कोणती शिखरे स्वरांची आणि कोणता भाग खरखरीचा हे ठरवते, प्रत्येकाची सावली शेजारच्या पट्ट्यांवर पसरवते, आणि शेवटी शांततेतील उंबरठ्याशी सांगड घालून एक वक्र रेषा काढते. या क्षणी, या वारंवारतेला, एवढ्या पातळीच्या खाली जे काही असेल ते ऐकू येणार नाही, असे ती रेषा सांगते. एमपी३ त्या रेषेखालचा तपशील टाकून देते. वॉटरमार्क तयार करणारे त्याच रेषेखाली आपली भर घालतात. १९९६ साली लॉरेन्स बोनी, अहमद ट्यूफिक आणि खालेद हॅम्डी यांनी नेमके हेच केले: यादृच्छिक दिसणाऱ्या अंकांची खरखर घेतली, एमपेगच्या प्रारूपाने दिलेल्या रेषेच्या आकाराच्या गाळणीतून ती गाळली आणि मग ती मूळ ध्वनीत मिसळली. गाणे जसजसे बदलते तसतसा त्या खरखरीचा आकारही तुकड्या-तुकड्याने बदलत जातो, म्हणून ती स्थिर फुसफुसाटासारखी कानाला लागत नाही.

आता खूण शोधायची कशी, हा दुसरा अर्धा भाग. ती गाण्यापेक्षा इतकी क्षीण असते की नुसते पाहून काहीच दिसत नाही. पण मिसळणाऱ्याजवळ एक गुप्त किल्ली असते, आणि तिच्यावरून +१ आणि −१ यांची तीच यादृच्छिक दिसणारी माळ पुन्हा तयार करता येते. शोधणारा प्रत्येक नमुन्याला माळेतील त्या-त्या अंकाने गुणतो आणि सगळ्या गुणाकारांची बेरीज घेतो. समजा, गाण्याच्या ध्वनिलाटेची सरासरी उंची १ आणि खुणेची उंची त्याच्या एक बत्तिसांश, म्हणजे ३० डेसिबलने खाली आहे. एका सेकंदाच्या ४४,१०० नमुन्यांत खुणेचे सर्व गुणाकार एकाच दिशेने जमतात आणि त्यांची बेरीज सुमारे १,३७८ होते. गाण्याचा त्या माळेशी काही संबंध नसल्यामुळे त्याचे गुणाकार कधी अधिक, कधी उणे होऊन एकमेकांना खातात आणि उरलेली बेरीज ४४,१०० च्या वर्गमुळाच्या, म्हणजे २१० च्या, आसपास घुटमळते. खूण साडेसहापट वर उठून दिसते, आणि निव्वळ योगायोगाने एवढी मोठी बेरीज येणे जवळजवळ अशक्य असते. बेरीज अधिक आली तर बिट १, उणे आली तर बिट ०.

चित्रपटाच्या ३५ बिटांना पाच मिनिटे का दिली, ते या हिशेबावरून उमगते. प्रत्येक बिटाच्या वाट्याला साडेआठ सेकंदांहून थोडा अधिक वेळ येतो, चित्रपटाचा ध्वनी सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असतो, आणि तेवढ्या अवधीत चार लाखांवर नमुने जमतात. मग तीच खूण वीसपट उठून दिसते, किंवा ती आणखी १० डेसिबल खाली ढकलली तरी पूर्वीच्याच विश्वासाने सापडते. वेळ जितका जास्त, खूण तितकी क्षीण चालते. प्रत्यक्षात मात्र सभागृहातील पडसाद, प्रेक्षकांच्या शिट्ट्या, मोबाइलचा मायक्रोफोन आणि नंतरचे कॉम्प्रेशन (साठवण लहान करणे) हे सारे त्या जादा ताकदीचा मोठा भाग गिळून टाकतात, आणि म्हणूनच ती ताकद आधीपासून राखून ठेवावी लागते.

येथून या विषयातील खरी अडचण सुरू होते. कानाला न कळणारी जागा म्हणजे कॉम्प्रेशनच्या दृष्टीने टाकून देण्याची जागा. वॉटरमार्कवाल्याने रेषेखाली काळजीपूर्वक जे ठेवले, ते एमपी३ किंवा त्यानंतरचे एखादे तंत्र अडगळ म्हणून साफ करते, आणि हे दोघेही एकाच शास्त्राच्या आधाराने वागत असतात. खूण १६,००० हर्ट्झच्या वर ठेवली तर ती बहुतेक प्रौढांना ऐकू येणार नाही, पण साधा फोनकॉल साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचे काही पुढे जाऊच देत नाही, आणि अनेक कॉम्प्रेशनमध्येही सर्वांत वरचा भाग आधी छाटला जातो. १९९७ साली इंगेमार कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो विचार मांडला तो आजही पायाभूत मानला जातो: खूण ध्वनीच्या बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यात ठेवण्याऐवजी महत्त्वाच्या भागांत ठेवावी, कारण ते भाग बिघडवल्याशिवाय खूण पुसता येणार नाही. पण महत्त्वाच्या भागात ठेवायची म्हणजे ऐकू येण्याच्या रेषेला जवळजवळ टेकूनच चालायचे. ऐकू न येणे, टिकून राहणे आणि जास्त माहिती वाहणे या तिन्हींपैकी एकाला ओढले की बाकीचे दोन आखडतात. माझ्या मते कोणत्याही वॉटरमार्क पद्धतीची पारख करताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की तिने या तिघांपैकी कशाची किंमत मोजली आहे.

ही ओढाताण नवी नाही. सार्वजनिक जागांसाठी पार्श्वसंगीत पुरवणाऱ्या मुझॅक या अमेरिकी कंपनीतील एमिल हेम्ब्रुक यांनी १९५४ साली पेटंटसाठी अर्ज केला होता. त्यांच्या पद्धतीत ध्वनीत काही मिसळले जात नसे. १,००० हर्ट्झच्या भोवतीची अतिशय अरुंद पट्टी अधूनमधून गाळून टाकली जाई आणि त्या रिकाम्या जागांच्या कमी-अधिक लांबीतून मोर्ससारखा संकेत उमटे. झाकणाऱ्या ध्वनीची मदत तेथेही होती, कारण शेजारच्या वारंवारता चालू असल्याने एवढीशी पोकळी लक्षात येत नसे.

सीडीच्या दर्जाच्या १६ बिटांच्या नमुन्यातील अखेरचा बिट बदलून माहिती ठेवणे ही सर्वांत सोपी रीत आहे, पण एकदा कॉम्प्रेस केले की ती नाहीशी होते, तेव्हा तिच्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही. सुमारे एक मिलिसेकंद उशिराचा अत्यंत मंद पडसाद मिसळण्याची रीत अधिक लक्षवेधी आहे. एवढ्या थोड्या उशिराचा पडसाद कानाला वेगळा ऐकू येत नाही, तो मूळ ध्वनीच्या रंगात विरघळतो, आणि दोन वेगळे उशीर ठरवले की एकाचा अर्थ ० आणि दुसऱ्याचा अर्थ १ घेता येतो. डॅनियल ग्रुल, वॉल्टर बेंडर आणि अँथनी लू यांनी १९९६ मध्ये ती मांडली.

याच शहरात, आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात, वॉटरमार्कचा आणखी एक उपयोग रोज चालू असतो. मुंबईत मुख्यालय असलेली ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजे बार्क (वरच्या मोजपट्टीच्या नावाशी याचा संबंध नाही), २०१५ पासून दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकसंख्येचे आकडे देत आली आहे. वाहिनीच्या आवाजात आधीच खूण मिसळलेली असते आणि निवडलेल्या घरांतील मीटर ती ओळखून कोणती वाहिनी लागली आहे हे नोंदवतो. खुणेला वाहिनी कळते, पण दिवाणखान्यात कोण बसले आहे ते कळत नाही, म्हणून घरातील माणसांना रिमोटवरील आपापले बटण दाबावे लागते. अमेरिकेत रेडिओसाठी श्रोता स्वतःजवळ बाळगतो असा ‘पोर्टेबल पीपल मीटर’ वापरतात आणि त्यातील खुणा १,००० ते ३,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. झाकण्याच्या नियमाचा परिणाम तेथे थेट पैशापर्यंत पोहोचला. बोलण्यातील विरामांत किंवा शांत संगीतात खुणेला आसरा मिळत नाही, खूण क्षीण पडते, मीटर ती हुकवतो आणि श्रोते असूनही केंद्राच्या खात्यात जमा होत नाहीत, अशी शंका केंद्रांना येऊ लागली. २०१५ च्या सुमारास खुणांना उठाव देणारे एक यंत्र अनेक केंद्रांनी विकत घेतले आणि मोजणाऱ्या कंपनीलाही आपल्या खुणा अधिक ठळक कराव्या लागल्या. खूण ठळक करणे म्हणजे रेषेच्या आणखी जवळ जाणे, हे वर आलेच आहे.

यापेक्षा अगदी वेगळी, आणि माझ्या मते आक्षेपार्ह, अशी एक पद्धत आहे, जिच्यात जाहिरातीच्या आवाजात १८,००० हर्ट्झच्या वरचे संकेत सोडतात आणि फोनमधील ॲप ते मुकाट्याने ऐकून माणूस काय पाहतो आहे हे टिपते. येथे गाण्याच्या आड काही झाकलेले नसते, कानाच्या मर्यादेचा नुसता फायदा घेतलेला असतो. २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी सोय बसवलेल्या १२ ॲपच्या निर्मात्यांना इशारापत्रे पाठवली होती. वापरणाऱ्याला न विचारता त्याच्या घरातील आवाज टिपण्यासाठी या शास्त्राचा उपयोग होऊ नये.

खूण मुद्दाम पुसणाऱ्यापुढे ती किती टिकते, याची सर्वांत गाजलेली परीक्षा २००० साली झाली. संगीत कंपन्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘सिक्युअर डिजिटल म्युझिक इनिशिएटिव्ह’ या गटाने आपल्या काही तंत्रांना भेदून दाखवण्याचे जाहीर आव्हान दिले. प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड फेल्टन यांच्या चमूने खूण असलेल्या आणि नसलेल्या ध्वनींची तुलना केली, एका तंत्रात वर सांगितल्यासारखे पडसाद दडलेले ओळखले आणि खुणा निकामी केल्या. कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्यामुळे एप्रिल २००१ मध्ये त्यांना आपला निबंध मागे घ्यावा लागला, पण ऑगस्टमध्ये तो युजनिक्स या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या परिषदेत सादर झाला. खूण आहे त्या आणि नाही त्या, अशा दोन्ही प्रती विरोधकाच्या हाती पडल्या की नुसत्या वजाबाकीने पुष्कळ गोष्टी उघड होतात. याखेरीज ध्वनीचा वेग अर्धा टक्का बदलणे किंवा मधून काही क्षण कापून टाकणे, एवढ्यानेही माळेचे अंक आणि ध्वनीचे नमुने एकमेकांसमोर येईनासे होतात, आणि मग बेरीज जमतच नाही. म्हणून खुणेबरोबर वेळ जुळवणारे संकेतही पेरावे लागतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करता येऊ लागल्यापासून या विषयाला नवी धार आली आहे. गूगल डीपमाइंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या संगीत घडवणाऱ्या तंत्रासाठी सिंथआयडी हा वॉटरमार्क जाहीर केला, आणि मेटाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ऑडिओसील प्रसिद्ध केले. ऑडिओसीलमध्ये खरखरीचा आकार माणसाने लिहिलेल्या सूत्राने ठरत नाही. दोन न्यूरल नेटवर्क एकत्र शिकतात, एक खूण मिसळायला आणि दुसरे ती ओळखायला, आणि शिकवताना पट्ट्या-पट्ट्याने व क्षणा-क्षणाने जेथे गाणे खुणेला झाकू शकत नाही तेथे अधिक शिक्षा केली जाते. लांब ध्वनिफितीत नेमका कोणता तुकडा कृत्रिम आहे हे त्याला नमुन्याच्या पातळीवर दाखवता येते, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. परंतु ध्वनी न्यूरल कोडेकमधून काढला, म्हणजे तो मुळापासून पुन्हा घडवला, तर अनेक खुणा टिकत नाहीत. शिवाय खूण तीच यंत्रणा घालते जिच्या निर्मात्याने ती घालायचे ठरवले आहे, तेव्हा खूण सापडली नाही म्हणून आवाज खऱ्या माणसाचा, असा निष्कर्ष कोणत्याही न्यायालयाने किंवा वृत्तवाहिनीने काढू नये.

राहिला प्रश्न खूण ऐकू येते की नाही हे ठरवायचे कोणी. प्रोग्रॅमने काढलेली रेषा हा सरासरी कानाचा अंदाज असतो, त्यामुळे अखेरची कसोटी प्रत्यक्ष ऐकण्याचीच असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.१११६ या शिफारशीत अतिशय सूक्ष्म बिघाड पकडण्याची रीत दिली आहे: श्रोत्यापुढे मूळ ध्वनी उघडपणे ठेवतात, शिवाय दोन अनामिक ध्वनी देतात, ज्यांतील एक पुन्हा मूळच असतो आणि दुसरा खूण असलेला, आणि श्रोता त्यांना १ ते ५ यांमध्ये गुण देतो. कोणता कोणता हे चाचणी घेणाऱ्यालाही माहीत नसते. या चाचणीसाठी कोणते तुकडे निवडले जातात यावर सगळे अवलंबून आहे, आणि येथे मुंबईतील ध्वनिमुद्रकांनी व संगीत कंपन्यांनी आग्रह धरावा असे मला मनापासून वाटते. ढोल-ताशा आणि चित्रपटगीतांवर चाचणी उत्तीर्ण झालेली खूण आलापाच्या मुद्रणावर तशीच लादू नये. चाचणीच्या तुकड्यांत एकटा तानपुरा असावा, सारंगीची लांब मींड असावी, स्वर धरून ठेवलेली पेटी असावी, विलंबित ठेक्यातील मोकळ्या जागा असाव्यात आणि नुसत्या बोलण्यातील विरामही असावेत. श्रोत्यांतही रोज तानपुरा जुळवणारे कान असावेत, आणि त्यांना खूण जाणवली तर अशा मुद्रणांपुरती ती आणखी खाली आणून प्रत्येक बिटाला अधिक वेळ द्यावा.